गडाचे फोटो कॉमन्सवर टाकलेत, पण सापडत नाहीत? या चुका टाळा

राजगडाच्या सुवेळा माचीवर एक नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. त्याचा फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या फोटो-भांडारात चढवला तेव्हा फाईलचं नाव ठेवलं ‘राजगड ट्रेक १७’ आणि वर्णनात लिहिलं ‘माचीवरचं सुंदर दृश्य’. पुढे एका मित्राला लेखासाठी नेमका नेढ्याचा फोटो हवा होता. त्याने कॉमन्सवर बराच वेळ शोधलं आणि शेवटी नेढ्याविनाच लेख लिहिला. फोटो तिथेच होता, पण ‘नेढं’ हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता.

कॉमन्स २००४ च्या सप्टेंबरात सुरू झालं. आज तिथे १० कोटींहून जास्त फाईली आहेत आणि शोध चालतो तो त्यांच्याभोवती लिहिलेल्या शब्दांवर. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी आणि तमिळनाडूतला जिंजी धरून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता या गडांचे फोटो असेही लोक शोधतात, ज्यांनी सह्याद्री कधी पाहिलेला नाही. त्यांना आपले फोटो मिळायला हवेत.

नाव आपल्या आठवणीचं, शोधणाऱ्याचं नव्हे

‘आमची दिवाळीतली भटकंती’ हे नाव आपल्याला पुरतं, कारण आपण तिथे होतो. शोधणारा टाईप करतो ‘हिरकणी बुरूज रायगड’. म्हणून नावात आधी नेमकी वस्तू, मग गड आणि जमलं तर दिशा किंवा वर्ष: ‘रायगड हिरकणी बुरूज पायथ्याकडून २०२३’.

नाव देवनागरीत चालतं, पण मर्यादा आहे २४० बाइटची. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी ३ बाइट खाते. म्हणजे अशी जेमतेम ८० चिन्हं बसतात. लांबलचक नाव ठेवायला गेलात तर अपलोड अडेल. नाव आटोपशीर ठेवा आणि बाकीचं वर्णनात लिहा. आधीच चुकीचं नाव पडलं असेल तर फाईलच्या पानावरून नाव बदलण्याची विनंती करता येते. स्वतः चढवलेल्या फाईलसाठी ती सहसा मान्य होते आणि जुन्या नावावरून नव्याकडे वाट राहते.

देवनागरीची आणखी एक गोची माहीत असू द्या. ‘पायऱ्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाईप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द असतात. ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘सिंधूदुर्ग’ हेही संगणकाला वेगळे शब्द. वर्णनात प्रमाण रूप लिहाच, पण लोक सर्रास लिहितात ते दुसरं रूपही एखाद्या वाक्यात येऊ द्या.

‘रायगड’ म्हणजे नक्की कोणता?

सगळ्यात जास्त फोटो इथे हरवतात. रायगड हा किल्ला आहे आणि जिल्हाही. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा आता रायगड आहे. इंग्रजीत जुनं स्पेलिंग वापरलंत की छत्तीसगडातलं रायगढ समोर येतं. प्रतापगडाचंही तसंच, उत्तर प्रदेशात प्रतापगढ आहे. आणि घाईत रायगड-राजगड यांची अदलाबदल होते ती वेगळीच.

फाईलच्या पानावर ‘फोटोत काय दिसतं’ हे नोंदवण्याची सोय २०१९ पासून आहे. ही नोंद विकिडेटाशी, म्हणजे विकिपीडियाच्या अनेक भाषांतल्या माहितीसाठ्याशी जोडलेली असते. त्यामुळे जपानी माणसाने त्याच्या भाषेत किल्ल्याचं नाव शोधलं तरी मराठी वर्णनाचा फोटो समोर येऊ शकतो, अर्थात विकिडेटावर ते नाव त्या भाषेत नोंदलेलं असेल तर. पण नाव टाईप केल्यावर यादी येते आणि आपण घाईने पहिलंच निवडतो, ते जिल्ह्याचं असू शकतं. नावाखालची बारीक ओळ वाचा आणि किल्लाच निवडा. ‘किल्ला’, ‘आकाश’, ‘ढग’ अशा ढोबळ नोंदींची रास घालू नका. एक नेमकी नोंद दहा ढोबळ नोंदींपेक्षा कामाची.

वर्ग वरचा, वर्ग लाल

फोटो ‘रायगड किल्ला’ या अर्थाच्या वर्गात (कॅटेगरीत) टाकला की ‘महाराष्ट्रातले किल्ले’ आणि ‘भारत’ यांत पुन्हा टाकायची गरज नाही. खालचा वर्ग वरच्यात आधीच बसलेला असतो. सगळीकडे टाकलं की वरचे वर्ग गच्च भरतात आणि त्यांत कुणालाच काही मिळत नाही. जगदीश्वर मंदिराचा, नगारखान्याचा किंवा गंगासागराचा स्वतंत्र वर्ग असेल तर तोच घ्या.

कॉमन्सवर वर्गांची नावं मुख्यतः इंग्रजीत असतात. आपण मनाने एखादं नाव लिहिलं आणि ते लाल दिसलं, तर त्या वर्गाचं पान अजून कुणी तयार केलेलं नाही. तिथे गेलेला फोटो वर्गांच्या झाडावरून येणाऱ्या कुणालाही दिसणार नाही. हॉटकॅट हे कॉमन्सवरचं उपकरण वापरा, ते लिहिता लिहिता असलेले वर्ग सुचवतं.

उभे कुठे होतो आणि पाहत काय होतो

रायगडावरून लिंगाणा किल्ला फार देखणा दिसतो. तो फोटो लोक फक्त रायगडाच्या वर्गात टाकतात आणि लिंगाणा शोधणाऱ्याला तो मिळत नाही. कॅमेऱ्याची जागा रायगड, फोटोतली वस्तू लिंगाणा. कॉमन्सवर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे देता येतात, ते द्या.

तारीख फोटो काढल्याची घाला, चढवल्याची नव्हे. वडिलांच्या अल्बममधला फोटो स्कॅन केला असेल तर आपोआप येणारी स्कॅनची तारीख पुसून अंदाजे साल टाका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत चढवू नका. तिच्यातून तारीख आणि जागेची माहिती गळून जाते, शिवाय फोटोही लहान होतो. मित्राला मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मराठीतच लिहिलं, किंवा मराठीत लिहिलंच नाही

दोन्ही चुका नेहमी दिसतात. वर्णन मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्या आणि छोटा मथळाही दोन्ही भाषांत भरा. मराठीत लिहिताना बिचकू नका. नेढं, माची, बालेकिल्ला, चिलखती बुरूज, टाकं, चोरदरवाजा हे शब्द इंग्रजी वर्णनात हरवतात आणि आपली माणसं तेच शब्द घेऊन शोधायला येतात.

जुने फोटो दुरुस्त करायचे असतील तर आपल्या खात्याची अपलोड यादी उघडा आणि ज्यांना एकही वर्ग नाही ते आधी घ्या. एकाच गडाचे पुष्कळ असतील तर कॅट-अ-लॉट या उपकरणाने ते एकदम योग्य वर्गात हलवता येतात. बदल शोधात उतरायला थोडा वेळ जातो. दुसऱ्या दिवशी लॉगआउट करून ‘नेढं राजगड’ असं अनोळखी माणसासारखं शोधा आणि आपला फोटो कितव्या ओळीत येतो ते बघा.