भित्तिचित्रातलं चिलखत बघायचं तर आधी गळा बघा

आमचा धंदा पत्र्याचा. कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं यातच हयात गेली. त्यामुळे युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतीवर चिलखत घातलेले नाइट, म्हणजे घोडेस्वार सरदार, दिसले की माझी नजर चेहऱ्याआधी जोडांवर जाते. तुम्हीही तशीच सुरुवात करा. तुरा, ढाल, घोडा सगळं नंतर. डोकं तर वळलं पाहिजे, पण मान उघडी पडता कामा नये, हा पेच लोहाराने कसा सोडवला ते कळलं की चित्राचा काळ साधारण अर्ध्या शतकाच्या फरकाने सांगता येतो.

फ्रान्समध्ये क्रेसाकला टेंपलर या लढवय्या साधूंच्या पंथाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे; तिथले घोडेस्वार १२व्या शतकाच्या उत्तरार्धातले. डोक्यावर निमुळता टोप, अंगात कड्यांचं चिलखत. तिथे गळ्यासाठी वेगळा भाग शोधू नका; त्या काळी कड्यांचीच टोपडी डोक्यावरून मानेपर्यंत ओढायचे आणि वर टोप चढवायचे. १३व्या शतकात अख्खं डोकं झाकणारा, डोळ्यांपुरती चीर ठेवलेला डबाच आला. मजबूत खरा, पण आत दम कोंडत असणार.

खरी कारागिरी १४व्या शतकातल्या बॅसिनेट टोपात. त्याच्या खालच्या कडेला ओळीने बारीक कोयंडे असतात. कड्यांच्या झालरीला वर चामड्याची पट्टी शिवलेली, पट्टीला चिरा. चिरा कोयंड्यांवर बसवायच्या आणि कोयंड्यांतून दोरी किंवा तार ओवायची. दोरी ओढली की झालर सुटी, साफसफाईला मोकळी. घराच्या दाराला आपण कडी-कोयंडा लावतो तोच हिशेब! चित्रात टोपाच्या कडेला ठिपक्यांची ओळ आणि खाली खांद्यावर पसरलेली जाळी दिसली की समजा बॅसिनेट. १५व्या शतकात या झालरीची जागा हळूहळू पत्र्याने घेतली.

काळ ठरवताना गोष्टीच्या काळावर जाऊ नका. इटलीत पादुआच्या सान जॉर्जो ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनागृहात, आल्तिकिएरो या चित्रकाराने १३८४च्या सुमारास संत जॉर्जची कथा रंगवून पुरी केली. कथा रोमन काळातली, पण शिपायांचा जामानिमा चित्रकाराच्या डोळ्यांसमोरचा.

एकच ठिकाण बघायचं असेल तर इटलीतच व्हेरोनाचं सांतानास्तासिया चर्च गाठा. मुख्य वेदीच्या उजव्या हाताला काव्हाल्ली घराण्याचं चॅपल आहे. तिथे आल्तिकिएरोच्याच चित्रात या घराण्यातले नाइट मरियमेसमोर गुडघे टेकून बसलेत आणि घोड्याच्या डोक्याचं चिन्ह असलेले त्यांचे मोठे टोप पाठीवर लटकतायत. काव्हाल्ली म्हणजे घोडे, म्हणून हा थाट. जवळच पेल्लेग्रिनी चॅपलच्या कमानीवर पिसानेल्लो या चित्रकाराचा संत जॉर्ज आहे, १४३०च्या दशकातला, रिकिबीत पाय घालून घोड्यावर चढायच्या बेतात. दोन्हींमधलं अंगावरचं लोखंड ताडून बघा. पिसानेल्लो फार उंचावर आहे, ८ पटीची दुर्बीण न्याच. मोबाइलचा झूम तिथे काही कामाचा नाही.

आता रंगाचं. चिलखत काळं दिसलं म्हणून काळं समजू नका. चकाकी आणायला चित्रकार चांदीचा किंवा कथलाचा वर्ख लावत, तो काळवंडतो किंवा गळून पडतो. चांदी भिंतीवर टिकत नाही, कथील वापरा, असं चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानेच लिहून ठेवलंय. पिसानेल्लोच्या भिंतीवरचाही बराच वर्ख गेलाय. म्हणून समोरून बघून झालं की बाजूला सरका आणि तिरप्या नजरेने बघा. उठाव दिलेला भाग आणि वर्खाचे उरलेसुरले तुकडे तिथूनच दिसतात. एखादा भाग जास्तच स्वच्छ, रेघा एकसारख्या वाटल्या तर नंतरच्या दुरुस्तीचा हात असण्याची शक्यता धरा. त्या भागावरून काळ ठरवू नका.

फोटो काढा, पण वहीत टोपाची कड आणि गळ्याचा जोड एवढंच रेखाटा. हात चालला की कुठली पट्टी कशावर बसते ते आपोआप कळतं. मग जमलं तर उत्तरेला, इटलीच्याच दक्षिण टायरोल भागातल्या चुरबुर्ग किल्ल्यात जा. तिथल्या शस्त्रागारात १४व्या शतकापासूनची खरी चिलखतं आहेत; वहीतला जोड त्यांच्याशी लावून बघा.