जुन्या स्पोर्ट्स कारला परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवला: माझा अनुभव

माझ्या जुन्या टू-सीटरचं इंजिन दणकट आहे, पण ४००० आरपीएमच्या वर धाप लागल्यासारखं करायचं. म्हणून जास्त ड्युरेशनचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; हा ते जास्त वेळ उघडे ठेवतो), कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि मोठे जुळे कार्बोरेटर घेतले.

नव्या कॅमवर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जास्त जवळ येतात. म्हणून हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) कायमचं आवळण्याआधी पिस्टनवर मॉडेलिंग क्ले थापली, जुनंच दबलेलं गॅस्केट घालून हेड बसवलं आणि क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) हाताने सावकाश दोन फेरे फिरवला. हेड उघडून क्लेवरचा ठसा ब्लेडने कापला, सर्वांत पातळ जागी जाडी मोजली. इनलेटला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी जागा हवीच, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापून लांबतो. काम किचकट आहे, पण कृपा करून टाळू नका.

गाडी सुरू झाली. फुल थ्रॉटलला मात्र नॉकिंगचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटल्याचा) आवाज! वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) हवा-पेट्रोलचं प्रमाण १४ च्या वर दिसलं, तिथे १२.५ ते १३ लागतं; म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. टायमिंगला (ठिणगी कधी पडते त्याला) हात न लावता मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं) टप्प्याटप्प्याने मोठे केले. १२.८ वर आवाज पूर्ण थांबला.

आयडल (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) अडखळत होतं, ते ठिणगी थोडी आधी पडावी म्हणून बेस टायमिंग जरा अ‍ॅडव्हान्स करून आणि १००० आरपीएमवर ठेवून सुधारलं. आता इंजिन ६००० पर्यंत मोकळं ओढतं. खालची ताकद थोडी घटली, ती मला चालते.