ताकद हवी, पण दंड फुगायला नकोत? मग या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात राहून जुम्मादादा व्यायाम मंदिरातला मल्लखांब कधी पाहिला नाही, असा मराठी माणूस विरळाच. पोरं अंगाने काटक, पण लाकडाला अशी चिकटतात की बघत राहावं. तरी आमच्या वहिनीचा प्रश्न ठरलेला: "अगं, वजनं उचलून हात पहिलवानासारखे होतील ना?"

याच भीतीने मीही दोन वर्षं दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन तीस-तीस वेळा हात हलवत काढली. उन्हाळ्यात वर्षाचे गहू आले, तेव्हा तीस किलोची गोणी उंबऱ्यावरून आत घ्यायला मात्र शेजारच्या काकांना हाक मारावी लागली.

पहिली चूक हीच. हलकं वजन हात भरून येईपर्यंत मारत राहिलं, तर स्नायू वाढतोच. ताकद मात्र फारशी येत नाही. ताकदीचा मोठा भाग मज्जासंस्थेचा असतो: आहेत तेच स्नायूतंतू जास्त संख्येने एकदम कामाला लावायला ती शिकते. म्हणून सुरुवातीच्या दोनेक महिन्यांत मापं तीच राहून वजन वाढत जातं. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये 49 किलो वजनाच्या गटात 115 किलो डोक्यावर नेलं होतं. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, इतकं कमी असतं की दंड चुकून फुगत नाहीत.

आधी काही आठवडे हलक्या वजनावर स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), खांद्यावरचा प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन नेणं) नीट शिकून घ्या. मग जड वजनाचे तीन सेट, प्रत्येकी चार-पाच वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. आणखी एक-दोनदा उचलता येईल, तिथेच थांबायचं. सेटनंतर दोन-तीन मिनिटं बसा. आमच्या जिममध्ये बसलेल्या बाईकडे आळशी म्हणून बघतात, बघू द्या. ब्लड प्रेशर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड उचलू नका.

दुसरी चूक ताटातली. "जिम करते ना," म्हणत सेव-उसळीची दुसरी प्लेट घ्यायची आणि जाडी वाढली की खापर डेडलिफ्टवर फोडायचं! आकार वाढतो तो मुख्यतः जास्तीच्या खाण्याने. पोट भरेल इतकंच खा, फक्त प्रथिनं वाढवा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 70 ते 95 ग्रॅम लागतात. वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा मिळतात. शंभर ग्रॅम पनीर घेतलं तर अठराच्या आसपास.

वहिनीने तिसऱ्या आठवड्यात सोडलं, कारण व्यायामानंतर ब्लाउजची बाही घट्ट झाली आणि काट्यावर एक किलो चढला. बाही दोन तासांत सैल झाली असती, तो रक्ताचा भर असतो. किलोही बहुधा स्नायूंत साठलेल्या पाण्याचा. दंड मोजायचाच तर सकाळी उठल्यावर, महिन्यातून एकदा. तीन महिन्यांनीही माप नको तितकं वाढत असेल, तर तीनाचे दोन सेट करा आणि खाणं तपासा. रॉडवरचं वजन मात्र उतरवू नका.