रेजमध्ये स्पेल चालत नाही, मग बार्बेरियन-ड्रुइड खेळायचा कसा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या रोल-प्लेइंग गेममध्ये एकाच पात्राला दोन क्लास (योद्धा, जादूगार असे पेशे) द्यायचे, म्हणजे मल्टिक्लास करायचं म्हटलं की लोक आधी हेच विचारतात, की ह्या क्लासची पॉवर त्या क्लासच्या पॉवरला आडवी येते त्याचं काय. सगळ्यात बदनाम जोडी म्हणजे बार्बेरियन (रागाने पेटून लढणारा योद्धा) आणि कुठलाही स्पेल, म्हणजे मंत्र, टाकणारा क्लास. मी इथे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे २०१४ चे नियम धरून सांगतोय, २०२४ च्या पुस्तकात काही गोष्टी बदलल्यात, त्यातली एक खाली येईलच.

पहिलं काम म्हणजे नियम उघडून शब्दन् शब्द वाचायचा, आठवणीवर जायचं नाही. रेज (बार्बेरियनचं पेटून उठणं) चालू असताना स्पेल टाकता येत नाही आणि स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन (काही स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) धरता येत नाही, बस, एवढंच लिहिलंय. जादूच बंद असं कुठेही नाहीये. म्हणजे आधी टाकून ठेवलेला, कॉन्सन्ट्रेशन न लागणारा स्पेल मस्त चालू राहतो. वॉरलॉक ह्या जादूगार क्लासचा आर्मर ऑफ अगॅथिस हा स्पेल बघा, तासभर टिकतो, पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायला खर्च होणारा कोटा) ५ टेम्पररी हिट पॉइंट्स, म्हणजे तात्पुरती जीवनशक्ती, मिळतात आणि ते संपेपर्यंत जवळून जो मारेल त्याला ५ कोल्ड डॅमेज. आता रेजमध्ये तलवार, गदा, बाण ह्यांचं डॅमेज अर्ध्यावर येतं, म्हणजे ते ५ पॉइंट जास्त पुरणार आणि समोरचा जास्त वेळा गारठणार.

दुसरी फट म्हणजे स्लॉट. स्लॉट खर्च करणं आणि स्पेल टाकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलाडिनचा (देवभक्त योद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे फटक्यावरचं जादा डॅमेज, २०१४ मध्ये स्पेल नाहीच, फटका लागल्यावर स्लॉट जाळायचा, त्यामुळे रेजमध्ये बिनधास्त चालतो. २०२४ मध्ये मात्र तो चक्क बोनस ॲक्शनचा (टर्नमधल्या मुख्य ॲक्शनशिवायच्या जादा कृतीचा) स्पेल झालाय, म्हणजे ही युक्ती गेली, तेव्हा टेबलवर कुठलं पुस्तक चालू आहे ते आधी विचारून घ्या. तसंच मून ड्रुइड (निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडचा, प्राणी होऊन लढणारा प्रकार) प्राण्याच्या रूपात असताना बोनस ॲक्शनने स्लॉट देऊन स्वतःला बरं करतो, स्लॉटच्या लेव्हलइतके डी८ (आठ बाजूंचे फासे), आणि हेही स्पेल टाकणं नाही.

बार्बेरियन-ड्रुइड म्हणूनच भारी लागतो. अस्वल व्हा, रेज लावा, अस्वलाच्या हिट पॉइंट्सवर अर्धंच डॅमेज बसतं. पण घोळ असा की मून ड्रुइडला रूप बदलायला बोनस ॲक्शन लागते आणि रेजलाही तीच, एका टर्नमध्ये दोन्ही होत नाही. अशा वेळी किती टिकतं ते बघायचं. दुसऱ्या लेव्हलचा ड्रुइड तासभर प्राणी राहू शकतो, रेज जेमतेम एक मिनिट, त्यामुळे दार उघडायच्या आधीच अस्वल व्हायचं आणि मारामारी सुरू झाली की रेज. अचानक हल्ला झाला तर पहिल्या टर्नला रूप, दुसऱ्याला रेज, हात बांधलेले नाहीत, ॲक्शनने मारत राहायचंच.

माझी आवडती जोडी मात्र बार्बेरियन-रोग (Rogue, लपूनछपून मारणारा क्लास). सगळ्यांना वाटतं जमणार नाही, कारण रेजचं जादा डॅमेज स्ट्रेंग्थने मारलं तरच मिळतं आणि रोग म्हणजे डेक्स्टेरिटी (चपळाई). पण रोगचा स्नीक अटॅक (मोक्याच्या फटक्याचं जादा डॅमेज) फक्त फिनेस (स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, हवं त्याने मारता येणारं) किंवा लांबून मारायचं हत्यार मागतो, डेक्स्टेरिटीच वापरा असं म्हणत नाही! रेपियर (फिनेसवाली बारीक तलवार) घ्या, स्ट्रेंग्थने मारा, दोन्ही अटी पूर्ण. वर बार्बेरियनच्या दुसऱ्या लेव्हलचा रेकलेस अटॅक ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) देतो, आणि तो मिळाला की स्नीक अटॅक लागू होतो, म्हणजे त्यासाठी लपायचीही गरज नाही. शत्रूलाही तुमच्यावर ॲडव्हांटेज मिळतो हे खरंय, पण अर्धं डॅमेज कशासाठी आहे मग.

काही गोष्टी मात्र कितीही डोकं लावा, जुळत नाहीत. दोन क्लासचा एक्स्ट्रा अटॅक (एका ॲक्शनमध्ये दोन फटके) मिळून तीन फटके होत नाहीत. बार्बेरियन आणि माँक दोघांकडे अनआर्मर्ड डिफेन्स (चिलखताशिवायचा बचाव) आहे पण जो आधी मिळाला तोच राहतो. कॉन्सन्ट्रेशन क्लास कितीही असले तरी एकाच स्पेलवर.

आणि आकडे बघून घ्या. मल्टिक्लाससाठी जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासच्या मुख्य गुणांचे (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे) स्कोअर किमान १३ लागतात, पॅलाडिनला तर स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही, शिवाय बार्बेरियनला तग धरायला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) हवंच, सगळीकडे थोडं थोडं टाकलं की कुठलंच धड होत नाही. सेव्हिंग थ्रोची (वाईट परिणाम टाळायला टाकलेल्या फाशाची) प्रोफिशियन्सी, म्हणजे त्यावरचा बोनस, फक्त पहिल्या क्लासची मिळते, म्हणून मी सुरुवात बार्बेरियननेच करतो, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह पदरात पडतो. स्कोअर वाढवायची संधी त्या त्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते, एकूण लेव्हलला नाही, त्यामुळे ३-३ वर दोन क्लास अडकवून ठेवले तर सहाव्या लेव्हलला बाकीच्यांचा स्कोअर वाढलेला, एक्स्ट्रा अटॅक आलेला आणि तुमच्याकडे दोन्ही नाही. फटके मारणारा क्लास आधी पाचपर्यंत न्या, मग दुसरीकडे वळा. मून ड्रुइड तेवढा अपवाद, त्याला दुसऱ्या लेव्हललाच अस्वल मिळतं.