कयुगा व्हाइटची घरगुती वाइन: घड लवकर तोडा

कयुगा व्हाइट हे न्यूयॉर्क राज्यातलं संकरित पांढरं द्राक्ष. सेवाल ब्लां आणि स्कायलर यांचा हा संकर कॉर्नेल विद्यापीठाच्या, न्यूयॉर्कमधल्याच जिनिव्हा गावातल्या संशोधन केंद्राने १९७२ साली लागवडीसाठी दिला. त्याच राज्यातल्या फिंगर लेक्स या सरोवरांच्या भागातल्या थंडीत तगतं, भरपूर पिकतं. पण स्कायलरकडून त्यात अमेरिकेतल्या लाब्रुस्का जातीचा अंश आला आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

भांडी निर्जंतुक करून ठेवलीत ना? मग आता तोडणी.

माझं बालपण निफाडकडच्या बागांमधलं. 'गोडी भरू दे, घाई नको' हे अंगात मुरलेलं. पहिल्या वर्षी तसाच २१ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्क्यांत) थांबलो. रस मधासारखा गोड होता. वाइनला मात्र इथल्या अमेरिकन मुलांच्या डब्यातल्या काँकर्ड जेलीचा (काँकर्ड हे लाब्रुस्का जातीचंच द्राक्ष) वास. तो ना गाळून गेला, ना मुरवून. वीस लिटर ओतून द्यावी लागली आणि फार वाईट वाटलं.

जास्त पिकलं की या द्राक्षात लाब्रुस्काचा वास चढतो. म्हणून १६ ते १८ ब्रिक्सच्या मध्येच तोडा. मी १७ ला तोडतो. 'साखर जितकी जास्त तितकी वाइन चांगली' असं सांगणाऱ्याचं या द्राक्षापुरतं अजिबात ऐकू नका.

एखादा मणी रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर रसातून ब्रिक्स दाखवणारं उपकरण) पिळून निर्णय घेऊ नका. उन्हातला मणी नेहमी जास्त गोड निघतो. वेगवेगळ्या ओळींतून, घडाच्या वरून, खालून, सावलीतून असे शंभर मणी घ्या, चुरडा, गाळा आणि मग मोजा. सप्टेंबर लागला की हे दर दोन दिवसांनी करा. मोजलेला रस चाखाही: हिरव्या सफरचंदाची, लिंबाची आठवण झाली तर वेळ बरोबर आहे. जेलीचा किंचितही भास झाला तर त्याच दिवशी तोडा, पाहुणे आले असले तरी.

तोडणी पहाटेच्या गारव्यात करा. घड अख्खेच दाबयंत्रात घाला आणि हलक्या हाताने दाबा. चुरडून सालीसकट रात्रभर ठेवू नका, तोच नको असलेला वास सालीतून रसात उतरतो. शेवटचा करकचून पिळलेला रस वेगळा ठेवा.

वीस लिटर रसाला पावणेदोन ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रस खराब होऊ न देणारी पूड) घाला, थंडीत एक दिवस निवळू द्या, वरचा रस काढून घ्या.

१७ ब्रिक्सच्या रसातून साडेनऊ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल मिळतं. मला तेवढं पुरतं. अकरा हवं असेल तर लिटरमागे २५ ग्रॅम साखर विरघळवा. कमी पडलेली साखर अशी घालता येते, चढलेला वास उतरवता येत नाही.

यीस्ट घाला, १३ ते १६ अंश सेल्सिअसला आंबू द्या. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) ०.९९५ च्या खाली स्थिरावला की गाळावरून काढा, नितळ झाली की बाटल्या भरा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिऊन टाका, हिचा ताजेपणाच मोलाचा आहे.