जुनी .२२ सेमी-ऑटो रायफल घेताय? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघराच्या लिलावात मी माझी पहिली जुनी रायफल घेतली. विंचेस्टर कंपनीची मॉडेल ६३: .२२ इंची गोळीची आणि सेमी-ऑटो, म्हणजे एक गोळी उडाली की पुढची आपोआप भरणारी. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड काळवंडलेलं होतं. चालताना रायफल धरतात तिथे, रिसीव्हरच्या (यंत्रणा बसते त्या मधल्या धातूच्या पेटीच्या) पोटाशी, निळा मुलामा उडून करडी-तपकिरी छटा आली होती. घरी आणल्या रात्रीच मी स्टील वूल घेऊन बसलो. अर्ध्या तासात छटा गेली, धातू लख्ख झाला आणि मला फार समाधान वाटलं. महिन्याभराने एका जाणत्या संग्राहकाने ती हातात घेतली, दिव्याखाली तिरकी धरली आणि हलकेच खाली ठेवली. "ही कुणी घासली?" एवढंच त्याने विचारलं.

ती छटा गंज नव्हती. वर्षानुवर्षं एकाच जागी हात लागून झिजलेला तो मूळ मुलामा होता आणि संग्राहक अशा अस्सल झिजेला मान देतात. या रायफलींचं सगळ्यात जास्त नुकसान मालकाच्या हौसेने होतं, हे मी तेव्हा शिकलो. म्हणून हे लिहितोय.

त्याआधी अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक जवळ बाळगणं हाच संघीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राने भेट दिली तरीही. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. भारतात तर सेमी-ऑटो रायफल सर्वसाधारण परवान्यावर मिळतच नाही. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या बाजाराबद्दल आहे.

रिकामी आहे, असं धरून चालणं

यातल्या बऱ्याच रायफलींत गोळ्या दस्त्याच्या आत किंवा नळीखालच्या लांब नळकांड्यात भरतात. आतली नळी बाहेर काढली की रायफल रिकामी झाली असं वाटतं, पण एखादी गोळी आत अडकून राहू शकते. जुनी स्प्रिंग थकलेली असते, वंगण चिकट झालेलं असतं. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रायफलीत तर हे हमखास गृहीत धरा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, आतली नळी बाहेर काढा, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता तुकडा) अनेकदा मागे-पुढे करा, मग टॉर्च लावून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघा. विकणारा "रिकामी आहे हो" म्हणाला तरी त्याच्यासमोर बघा. कुणी राग धरत नाही.

.२२ म्हणजे .२२, असा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विंचेस्टरची मॉडेल १९०३ ही अमेरिकेतली पहिली यशस्वी सेमी-ऑटो रिमफायर रायफल, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात करून ते पेटवणारी. टी. सी. जॉन्सन यांनी ती घडवली. तिच्या नळीवर ".२२" वाचून लोक दुकानातून .२२ लाँग रायफल या नेहमीच्या काडतुसाचा डबा आणतात. पण ती या काडतुसासाठी बनलेलीच नाही. तेव्हा .२२ लाँग रायफल काळ्या दारूचंही (ब्लॅक पावडर) मिळायचं आणि काळ्या दारूची काजळी साचली की आपोआप भरणारी यंत्रणा अडून बसायची. म्हणून विंचेस्टरने फक्त धूरविरहित दारूचं, थोडं जाड, वेगळंच काडतूस काढलं: .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक. लाँग रायफल त्या चेंबरमध्ये सैल बसतं. उडवलं तर केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फुगते, फाटते आणि गरम वायू मागे येतो. रेमिंग्टनच्या मॉडेल १६ चं काडतूस आणखी तिसरंच, तेही विंचेस्टरच्यात चालत नाही. ही काडतुसं आज रोजच्या दुकानात दिसत नाहीत. १९०३ घेताना तिची किंमत ठरवण्याआधी तिचं खाणं कुठून आणणार, ते ठरवा. काहींनी नळी बदलून किंवा आत दुसरी पातळ नळी बसवून ती लाँग रायफलवर चालती केलेली असते. अशी रायफल चालते छान, पण संग्रहातलं तिचं स्थान गेलेलं असतं.

काडतुसाचं नाव जुळलं तरी जोर जुळायला हवा. १९३३ साली आलेली मॉडेल ६३ जोरकस काडतुसांसाठीच केलेली. तिच्या नळीवर "सुपर स्पीड" आणि "सुपर एक्स" ही विंचेस्टरच्या जोरकस काडतुसांची नावं कोरलेली असतात. तिला हळू चालणारी सबसॉनिक गोळी दिली की बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीत अडकते आणि मालक म्हणतो, रायफल बिघडली. रेमिंग्टन मॉडेल २४ चं नेमकं उलट. ती १९२२ ची, नाजूक, साध्या वेगाच्या गोळीची. तिला रोज जोरकस गोळ्या चारल्या की बोल्ट मागच्या भिंतीवर आदळत राहतो. १९३५ मध्ये तिची जागा जास्त दणकट मॉडेल २४१ ने घेतली. दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात, कारण दोन्ही बंदुकांचे नामवंत रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या एकाच आराखड्यावर आधारलेल्या.

त्या आराखड्याची मूळ रायफल, ब्राउनिंगची एसए-२२, आखूड "शॉर्ट" काडतुसाची आणि लाँग रायफलची अशा दोन वेगळ्या रूपांत मिळते. नळीवरचा शिक्का वाचूनच काडतूस घ्या. स्टिंगरसारख्या, लांब केसच्या अतिवेगवान गोळ्या कुठल्याही जुन्या रायफलीत घालू नका.

बिघाड नसताना खोलणं

स्टीव्हन्स ८७ किंवा सॅव्हेज ६ घरी आली की नवा मालक घाबरतो. रिसीव्हरवर माशाच्या कल्ल्यांसारख्या उभ्या फटी, आणि गोळी उडाल्यावर चाप दाबलेला असेपर्यंत बोल्ट मागेच थांबतो. चाप सोडला की "खळ्" आवाज करून पुढे येतो. ती अशीच बनवलेली आहे. हे ठाऊक नसल्याने लोक तिचे पुर्जे उलगडून ठेवतात आणि मग जुळवता न आल्याने डब्यात भरून विकतात.

रेमिंग्टन नायलॉन ६६ बद्दल मला फार जिव्हाळा आहे. १९५९ मध्ये आली, ड्यूपाँटच्या झायटेल नायलॉनच्या दस्त्याची, आणि बाजारातून जाईपर्यंत दहा लाखांवर बनली. त्याच वर्षी रेमिंग्टनचे नेमबाज टॉम फ्राय यांनी ती घेऊन हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी फक्त सहा चुकवले. तिच्या आतला बोल्ट नायलॉनवरच घसरतो, तिथे तेल लागत नाही. आपण सवयीने तेल सोडतो, त्यात दारूची काजळी आणि धूळ मिसळून लगदा होतो आणि मग ती खरोखर अडायला लागते. वरचं धातूचं "रिसीव्हर" म्हणजे पत्र्याचं झाकण आहे, खरं रिसीव्हर खालचं नायलॉन. ते झाकण काढण्याच्या नादात किती रायफली ओरखडल्यात, ते प्रदर्शनात टेबलांवर दिसतं.

मार्लिन मॉडेल ६० नीट चालत नसेल, तर आधी बोल्टच्या मागचा, धक्का झेलणारा प्लॅस्टिकचा बफर बघा. तो वयाने पिवळा पडून तडकतो. स्वस्त पुर्जा आहे. एसए-२२ ची नळी हलत असेल, तर "झिजली" म्हणून सोडून देऊ नका. ही रायफल दोन तुकड्यांत सुटते आणि नळीच्या मुळाशी खाचांची एक कडी असते. ती एखाद-दुसरी खाच फिरवली की हलणं बंद होतं. बसवताना जोर लावावा लागत असेल तर जास्त फिरवलीत. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि तो किंमत उतरवतो. मी अशी एक घेतली आहे. तिच्या रिकाम्या केस खालून बाहेर पडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी दोन गरम केस बाहीत गेल्या. आता मी कोपर उचलून धरतो.

रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर चाप दाबायची सवय टाळाच. फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी खीळ) चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खळगा पडतो आणि धातू चेंबरच्या आत सरकतो. मग रिकामी केस निघता निघत नाही. विकत घेताना टॉर्चच्या उजेडात ही कड नक्की बघा. गनस्मिथ खास अवजाराने धातू परत बाहेर ढकलू शकतो, पण भाव पाडून मागायचा हक्क तुम्हाला मिळतो.

चकाकीला भुलणं

पुन्हा मुलामा दिलेली रायफल ओळखायला शिका. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या दिसतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो, रिसीव्हरच्या धारदार कडा गोलावलेल्या असतात. स्क्रूंच्या खाचा उखडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेलं होतं. कोल्ड ब्लूचा, म्हणजे घरी चोळून दिलेल्या निळ्या मुलाम्याचा, तर वासच येतो, उग्र आणि गंधकासारखा. टेबलाशी वाकून हुंगायला लाजू नका, जुने लोक हुंगतात.

दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं ही दुसरी खूण. अगदी शेवटच्या काळातल्या सोडल्या तर मॉडेल ६३ ला कारखान्यातून दुर्बिणीची सोय नसायची. १९३६ पर्यंतची ६३ वीस इंची नळीची, नंतरची तेवीस इंची. वीस इंचीला जास्त मागणी, म्हणून "वीस इंची" म्हणून दाखवलेल्या रायफलीचा क्रमांक त्या काळात बसतो का आणि नळीचं तोंड कारखान्याचंच आहे का, ते पाहा. कापलेली नळी १६ इंचांच्या खाली गेली असेल तर प्रश्न किमतीचा उरत नाही, तो थेट आखूड नळीच्या रायफलींवर बंधनं घालणाऱ्या १९३४ च्या संघीय कायद्याचा होतो. तिला हातच लावू नका.

नळीच्या आत बघणं लोक विसरतात. १९२० च्या दशकाअखेरपर्यंतच्या काडतुसांचा पेटता मसाला नळीत क्षार सोडायचा. म्हणून १९०३ आणि मॉडेल २४ च्या नळ्या आतून खड्डे पडलेल्या असतात, तर त्याच घरातली ६३ आतून आरशासारखी निघते. जुन्या मॉडेलची आतून स्वच्छ नळी दिसली तर पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

क्रमांक, साल आणि भाव

क्रमांक नाही म्हणून चोरीची, असं समजू नका. १९६८ च्या संघीय शस्त्र कायद्याआधी स्वस्त .२२ वर क्रमांक टाकणं बंधनकारक नव्हतं. सुरुवातीच्या नायलॉन ६६ वर तो नसतोच. मात्र असलेला क्रमांक घासून काढलेला दिसला, तर तिथून निघा. रेमिंग्टनच्या नळीवर महिन्याचं अक्षर असतं. इंग्रजी "ब्लॅक पावडर" या शब्दांची ओळीने अक्षरं आणि शेवटी एक्स, हे बारा महिने: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च. १९७३ पासूनच्या मार्लिनच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की सालाचे शेवटचे दोन आकडे मिळतात.

भाव ठरवताना मागितलेली रक्कम धरू नका, व्यवहार झालेली धरा. तीच रायफल तिप्पट किमतीला महिनोन्‌महिने यादीत पडून असते. बेल्जियममध्ये बनलेल्या एसए-२२ ला जपानी बनावटीपेक्षा जास्त पैसे मिळतात, पण घासलेल्या बेल्जियनपेक्षा न वापरलेली जपानी मी केव्हाही घेईन.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी मार्लिन ६० बद्दलचा कायदा नीट पाहावा. १९९० च्या कायद्याने पंधरापेक्षा जास्त गोळ्यांचं न निघणारं मॅगझिन (गोळ्या साठवायची जागा) असलेली सेमी-ऑटो रायफल तिथे "असॉल्ट फायरआर्म" ठरली आणि सतरा-अठरा गोळ्यांची जुनी मार्लिन त्यात सापडली. २०१८ मध्ये मर्यादा दहावर आली, पण नळकांड्यात गोळ्या भरणाऱ्या, फक्त .२२ रिमफायर चालणाऱ्या रायफली या व्याख्येतून वगळल्या गेल्या. तरीही शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कायदेशीर घेतलेली रायफल पूल ओलांडून घरी नेण्याआधी वकिलाला विचारा.

आणि काही बदलावंच लागलं, तर काढलेला मूळ पुर्जा, मग तो तुटका स्क्रू असो की झिजलेली स्प्रिंग, छोट्या पिशवीत घालून तारीख लिहून रायफलीबरोबरच ठेवा. माझ्या ६३ च्या पेटीत अशा चार पिशव्या आहेत.