बोटीची बॅटरी चार्ज होत नाही? नवी घ्यायच्या आधी हे बघा

बामणोलीच्या काठावर सकाळी वासोटा किल्ल्यावर जाणारी माणसं सॅक अडकवून उभी आणि आपण चावी फिरवली की नुसतं टक् टक्, सेल्फ फिरायचं नावच घेत नाही, ही वेळ माझ्यावर आलीय. मी तेव्हा साताऱ्याला जाऊन सरळ नवी बॅटरी आणली आणि चार दिवसांत तीपण बसली, कारण दोष बॅटरीचा नव्हताच, अर्थच्या वायरीचा होता, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनला जाते तिचा. म्हणून कळकळीनं सांगतोय, आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

बोट रात्रभर उभी होती ना, मग इंजिन चालू न करताच मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावा. १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर फुल्ल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. आता इंजिन चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग होतंय. आकडा हललाच नाही तर होत नाही. १५ च्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, इंजिन लगेच बंद करा नाहीतर बॅटरीतलं पाणी उकळून संपेल.

चार्जिंग येत नसेल तरी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून चार्जिंगची वीज बनवतो तो) इतक्यात खोलू नका. इंजिन बंद करून टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आलाय का बघा. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह, आणि जोडताना बरोबर उलटं. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, फेस येतो तो थांबेपर्यंत, फक्त ते पाणी बुचातून सेलमध्ये जाता कामा नये. कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन.

माझी वायर वरून एकदम नवी दिसायची हो, पण थिंबलजवळ, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याजवळ, वाकवली तर आत कुरकुर वाजली, ब्लेडनं सोलली तर तांबं काळं पडून भुगा झालेलं. हे न सोलता ओळखायचं तर इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वायर नाहीतर जोड खराब. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते निगेटिव्ह. हात आणि बाह्या बेल्टपासून लांब.

इंजिन बंद असताना अल्टरनेटरचा बेल्ट मधोमध दाबून बघा, साधारण बोटभर दबावा. चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का तेही बघा, बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्यातूनच मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही. आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर लावलेल्या इंजिनाला, बहुतेक वेळा या बेल्टची भानगड नसते, तिथं फ्यूज आणि वायरींचे प्लग तपासा, रेक्टिफायर (एसीचं डीसी करतो तो) मेकॅनिककडे.

चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून चेक करणारे खूप भेटतात. करू देऊ नका, अल्टरनेटरमधले डायोड उडतात. आणि जवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

चार्जिंग ठीक आणि तरी सकाळी बॅटरी बसलेली असेल तर बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसतो तो) फ्लोट स्विच बघा, पाण्याबरोबर वर-खाली होणारा हा स्विच खाली कचरा अडकून वर राहिला की पंप रात्रभर फिरत बसतो.

हे सगळं ठीक असेल तर बॅटरी फुल्ल चार्ज करून सेल्फ मारताना मीटर बघा. ९.५ च्या खाली कोसळली तर मात्र ती संपली, दुकानात जाताना जुनी सोबत न्या, तिचे पैसे वजा करून देतात.